आधी स्वतःला

तुमच्या शाळेत शिरल्याबरोबर समोर एक फळा दिसत असेल. त्यावर रोज एखादा सुविचार लिहितात आणि विशेष दिवस असला की त्या दिवसाची माहितीही लिहितात. २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन, ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन, २५ एप्रिलला मलेरिया दिन, १ डिसेंबरला एड्स दिन. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिन. पण तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, म्हणून तो फळ्यावर कधी येतच नाही! हा मजकूर बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर लिहून ठेवतात. ज्याचे अक्षर वळणदार, त्याच्याकडे खडू येतो. कदाचित तो तुमच्याकडेच येत असेल.

या तारखा आल्या तरी कोठून? २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना हैदराबादजवळ सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन. लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस शोधली. त्यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले, म्हणून तो दिवस रेबीज दिन झाला. म्हणजे दिनाच्या मागे माणूस असतो आणि त्याच्या कामाची एखादी तारीख असते.

आता आणखी एक तारीख पाहा : १० जानेवारी १८९७. ती कोणत्याही शाळेच्या फळ्यावर लिहिली जात नाही. त्या दिवशी मुंबईत एका माणसाने स्वतःच्या शरीरात एक औषध टोचून घेतले. ते औषध आजवर कोणालाही दिलेले नव्हते. त्याने माणूस वाचेल की मरेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या माणसाचे नाव वाल्देमार हाफकिन. कॉख, पाश्चर आणि रॉस या तिघांच्याही कामाशी त्यांचा संबंध आला. त्यांच्या नावाने एकही दिन नाही. ही त्यांची हकीकत आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे झाला. काळ्या समुद्राच्या काठचे हे मोठे बंदर तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. त्यांचे घराणे ज्यू म्हणजे यहुदी धर्माचे होते. वडील व्यापारी होते, पण घरी फार पैसा नव्हता. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले. पुढे मेचनिकॉव्ह यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या काळी रशियात यहुदी लोकांवर जमाव हल्ले करीत. घरे लुटीत, माणसे मारीत. १८८१ साली ओडेसात असाच हल्ला झाला, तेव्हा तरुण हाफकिन आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले. ते जखमी झाले आणि उलट पोलिसांनी त्यांनाच पकडले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले. पुढे शिक्षण झाल्यावर विद्यापीठात मोठी जागा मिळण्याची वेळ आली. पण त्यासाठी धर्म बदलावा लागणार होता. हाफकिन यांनी नकार दिला. जागा गेली. ते ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात साधी नोकरी करीत राहिले आणि १८८८ साली त्यांनी देश सोडला.

१८८९ साली ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत पोहोचले. मेचनिकॉव्ह आधीच तेथे गेले होते. शास्त्रज्ञाची जागा मात्र रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची! हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्यांचा क्रम होता. मला या माणसाच्या चरित्रात हा भाग फार आवडतो. ज्याला काम करायचेच असते, तो खुर्चीची वाट पाहत बसत नाही.

त्या वर्षांत युरोपात आणि आशियात पटकीने धुमाकूळ घातला होता. पटकी म्हणजे कॉलरा. तुमच्या घरी वडीलधारी माणसे त्याला हैजा म्हणतात. जुलाब आणि उलट्या होऊन धडधाकट माणूस एका दिवसात संपून जाई. पटकीचा जंतू कॉख यांनी ओळखला होता. त्यावर लस करण्याचे काम हाफकिन यांनी हाती घेतले.

लस म्हणजे काय, हे येथे थोडक्यात समजून घ्या. रोगाचा जंतू मारून किंवा दुबळा करून शरीरात टोचतात. त्याने खरा रोग होत नाही, पण शरीराला त्या शत्रूची ओळख पटते. पुढे खरा जंतू आला की शरीर आधीपासून तयार असते. हे आज आपल्याला सोपे वाटते. त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही ते पटत नव्हते. रोगच अंगात घालून रोग बरा कसा होईल, असा त्यांचा सवाल होता.

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला आणि काही दिवसांत ते बरे झाले. मग त्यांच्या काही मित्रांनी ती घेतली. प्रयोगशाळेत लस ठीक ठरली. पण जेथे रोज माणसे मरत आहेत, तेथे ती चालते का? लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते आणि त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्लंडचे वकील होते. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थानात जाण्यास सुचवले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले आणि पुढच्याच महिन्यात आग्र्याला त्यांनी लस टोचण्यास आरंभ केला.

इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांच्याबद्दल फारसे प्रेम नव्हते. हा माणूस डॉक्टर नव्हे, प्राणिशास्त्रज्ञ. त्यातून रशियाचा. रशिया आणि इंग्रज यांचे तेव्हा वाकडे होते, त्यामुळे हा हेर तर नाही ना, असाही संशय घेतला गेला. लोकांना तर सगळेच सरकारी सुईवाले सारखे! कलकत्त्याच्या एका वस्तीत लोकांनी दगडफेक केली. तेव्हा हाफकिन यांनी सर्वांसमोर आपला सदरा वर करून स्वतःला लस टोचून घेतली, असे सांगतात. चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे चार हिंदी डॉक्टर त्यांच्याबरोबर होते. त्यांच्यामुळे लोकांशी लोकांच्या भाषेत बोलता येई. काटलबागान नावाच्या वस्तीत सुमारे २०० माणसे राहत होती. त्यांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तेथे दहा जणांना पटकी झाली आणि सात दगावले. या दहांपैकी एकानेही लस घेतलेली नव्हती.

खेडोपाडी फिरताना हाफकिन यांना मलेरियाने गाठले. १८९५ साली आजारी होऊन ते परत गेले; पण १८९६ साली पुन्हा आले. या वेळी त्यांच्यापुढे पटकीहूनही भयंकर रोग उभा राहणार होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांच्याकडे काही रोगी आले. एकाएकी खूप ताप, जांघेत किंवा काखेत मोठी गाठ, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. व्हिएगस यांनी रोग ओळखला. तो प्लेग होता. उर्दूत याला ताऊन म्हणतात. हा रोग उंदरांना होतो आणि उंदरांच्या अंगावरील पिसवा चावल्याने माणसाला होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. १८९६ साली पिसवांचे हे कोडे सुटलेले नव्हते. त्यामुळे कोणी हवेला दोष देई, कोणी धान्याला, कोणी एखाद्या वस्तीला.

सरकारने कडक उपाय सुरू केले. घरात शिरून रोगी शोधायचे, त्याला उचलून इस्पितळात न्यायचे, सामान जाळायचे. पडद्यातील बायकांचीही तपासणी होऊ लागली. लोक भ्याले आणि चिडले. ते घरातले रोगी लपवू लागले. लाखो लोक मुंबई सोडून निघाले आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आपला खानदेशही सुटला नाही. मुंबईहून निघालेली आगगाडी मनमाड, चाळीसगाव, जळगाव करीत भुसावळला येते. खानदेशचा कापूस मुंबईला जाई आणि मुंबईचा माल खानदेशात येई. गोणीत उंदीर आला तर त्याला तिकीट कोण विचारणार? गावात उंदीर मरून पडू लागले की लोक समजत. घरे उघडी टाकून ते शेतात, माळावर झोपड्या बांधून राहत. रात्री गावात दिवा दिसत नसे. प्लेग एकदा येऊन गेला असेही नाही; तो अनेक वर्षे फिरून फिरून येत राहिला. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. तुमच्या घरी फार जुन्या गोष्टी सांगणारे कोणी असेल तर विचारून पाहा. पणजोबांच्या आधीच्या पिढीत प्लेगने कोणी ना कोणी नेलेले आढळेल.

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या फौजेनिशी त्यांना प्लेगाशी लढायचे होते!

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. लस करायची तर हे जंतू भरपूर वाढवायला हवेत आणि त्यासाठी त्यांना खाद्य हवे. युरोपात त्यासाठी गाईच्या मांसाचा रस वापरीत. हाफकिन यांनी विचार केला, की गाईचे मांस हिंदूंना चालणार नाही आणि डुकराचे मुसलमानांना. लोकांच्या श्रद्धेला धक्का लागेल अशी लस कोणी घेणार नाही आणि तशी ती घ्यायला लावणे योग्यही नाही. म्हणून त्यांनी बोकडाचे मांस घेतले. तुमच्या घरी पुलावासाठी मटणाची यखनी करतात ना, तसाच हा रस समजा. तो मोठ्या काचेच्या बाटल्यांत भरून त्यावर त्यांनी साजूक तुपाचे थेंब सोडले. तूप वर तरंगू लागले. त्या तुपाला धरून जंतू वाढत आणि छतावरून लोंबणाऱ्या झुंबरासारखे खाली लोंबत. बाटली हलवली की ते तळाशी पडत आणि पुन्हा नवे लोंबू लागत. काही आठवड्यांनी बाटलीतील रस जंतूंनी भरून जाई. मग तो तापवून जंतू मारायचे आणि तो खराब होऊ नये म्हणून त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. झाली लस.

दिवसरात्र काम करून तीन महिन्यांत ही लस तयार झाली. प्राण्यांवर ती चालली. पण माणसावर?

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मात्रा थोडीथोडकी नव्हती, १० घन सेंटिमीटर होती. पुढे लोकांना जी मात्रा देत, तिच्या कितीतरी पट ही मात्रा होती. त्यांना सडकून ताप आला आणि टोचलेल्या जागी खूप दुखू लागले. काही दिवसांनी ताप उतरला. यानंतरच कॉलेजातील डॉक्टर आणि इतर काही जण लस घ्यायला पुढे आले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे सव्वातीनशेच्या वर कैदी होते. हाफकिन यांनी त्यांना लसीची माहिती दिली. निम्म्याच्या जवळपास, म्हणजे सुमारे दीडशे कैदी लस घेण्यास तयार झाले. उरलेल्यांनी घेतली नाही. दोघांचे अन्न तेच, पाणी तेच, राहण्याच्या कोठड्याही त्याच. त्यामुळे लस किती उपयोगी आहे, हे तपासण्याची संधी मिळाली. कैद्याने हो म्हटले तरी त्यात मर्जी किती आणि भीती किती, हा प्रश्न आज कोणीही विचारील आणि तो विचारायलाच हवा. आज असे प्रयोग करण्याचे नियम फार कडक आहेत. पण तेव्हाचा निकाल असा लागला : लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ मेले. लस घेतलेल्यांत, ज्यांना टोचण्यापूर्वीच लागण झाली होती ते सोडले तर, फक्त दोघांना प्लेग झाला आणि ते दोघेही वाचले. लस शंभर टक्के संरक्षण देते असे हाफकिन यांनी कधी म्हटले नाही. ती पुष्कळांना वाचवते, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आकडे कागदावर असतात. लोकांच्या मनातील भीती आकड्यांनी जात नाही. या कामी सुलतान मुहम्मद शाह आगाखान, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी मोठे साहाय्य केले. खोजा जमातीचे हे प्रमुख तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. त्यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि तीही एकदाच नव्हे. आपल्या इमामाला काही झाले नाही हे पाहून पुष्कळ खोजा कुटुंबे पुढे आली. आगाखानांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. सरकार जे बंदूकधारी शिपाई पाठवून करू पाहत होते, ते एका तरुणाने बाही वर सारून केले.

लसीची मागणी वाढत गेली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. जेथे मेजवान्या होत, तेथे आता बाटल्यांच्या रांगा लागल्या. येथून देशाच्या कानाकोपऱ्यात आणि परदेशातही कुप्या जाऊ लागल्या.

येथपर्यंत वाचून तुम्हांला वाटेल, की आता हाफकिन यांचे सुखाचे दिवस आले. झाले मात्र उलटेच.

१९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला. सरकारने तेथे लाखो लोकांना लस टोचण्याचे ठरवले. परळच्या प्रयोगशाळेवर एकदम भार पडला. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत थोडा बदल केला. त्यांनी कार्बोलिक आम्ल वगळले आणि केवळ उष्णतेने जंतू मारण्याची पद्धत वापरली. पाश्चर संस्थेत ही पद्धत रूढ होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. या १९ जणांना एकाच बाटलीतील लस दिली होती. बाकीच्या बाटल्यांतील लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

१९ माणसे! हा आकडा लहान नाही. विश्वास ठेवून ती सुईपुढे आली होती. कोणाची तरी चूक झाली होती हे उघड होते. प्रश्न एवढाच होता, की ती मुंबईत झाली की मलकोवालला?

चौकशी बसली. बाटली परळलाच दूषित झाली असावी आणि कार्बोलिक वगळल्यामुळे हे घडले, असे चौकशी मंडळाने ठरवले. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर केले. ज्यांनी स्वतःच्या देहावर प्रयोग केला, त्यांच्यावरच निष्काळजीपणाचा ठपका आला. ते इंग्लंडला गेले. पगार नाही, काम नाही आणि नावाला काळिमा. ही अवस्था पुढे काही वर्षे राहिली.

चौकशीच्या कागदांतच एक बारीक गोष्ट नोंदलेली होती. मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. तो चिमटा विस्तवावर धरून नीट निर्जंतुक केला नाही. नुसता औषधी पाण्यात बुचकळून त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले. शिवाय बाटली मुंबईतच दूषित झाली असती, तर इतक्या दिवसांनी उघडताना तिला घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. चौकशी करणाऱ्यांनी या गोष्टींना महत्त्व दिले नाही.

महत्त्व दिले ते इतर शास्त्रज्ञांनी. त्यांत पुढाकार कोणाचा होता? रोनाल्ड रॉस यांचा. होय, २० ऑगस्टचे तेच रॉस. त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. १९०७ च्या जुलै महिन्यात रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध केले. हाफकिन यांच्यावर अन्याय झाला आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. अखेर त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. पाच वर्षे गेली होती.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात त्यांना जागा दिली आणि नव्या लसी माणसांवर वापरून पाहण्याचे काम त्यांच्याकडे राहिले नाही. निर्दोष ठरवले खरे, पण पूर्वीचा मान परत दिला नाही. हाफकिन यांनी तक्रार करीत दिवस काढले नाहीत, काम करीत राहिले. १९१४ साली ते निवृत्त झाले आणि कायमचे युरोपला गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात त्यांचा बराच वेळ आपल्या धर्माच्या अभ्यासात गेला.

त्यांची लस मात्र थांबली नव्हती. १९२५ पर्यंत मुंबईहून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. त्याच वर्षी परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. ही बातमी त्यांना कळवली, तेव्हा मुंबईच्या कामात आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे खर्ची पडली, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठवले. मलकोवालबद्दल त्यात राग नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या गावी त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून जातो, हे तुम्हांला सांगायला नको. त्याच्या एका टोकाला, आग्र्याला, हाफकिन यांनी या देशात लस टोचायला सुरुवात केली. दुसऱ्या टोकाला, मुंबईला, प्लेगची लस शोधली. याच रस्त्याला धुळ्यात सुरतेचा रस्ता येऊन मिळतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी फुटली आणि घाबरलेले लोक मिळेल त्या गाडीने सुरत सोडून निघाले. सुरतेच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत खानदेशची कितीतरी माणसे कामाला असतात. ती नंदुरबार, अमळनेर, धुळे, जळगावकडे परतली. त्या वेळी मात्र माळावर झोपड्या पडल्या नाहीत. प्लेगवर गुणकारी गोळ्या निघालेल्या होत्या आणि रोग कशाने पसरतो हेही ठाऊक होते. प्लेगची जुनी लस आता कोणी सरसकट टोचत नाही. तिची जागा औषधांनी आणि स्वच्छतेने घेतली आहे.

परळच्या संस्थेने पुढे दुसऱ्या रोगांकडे लक्ष वळवले. सापाच्या विषावरील औषध, कुत्र्याच्या चाव्यावरील लस यांसाठी तिचे नाव झाले. तिच्यातून निघालेल्या हाफकिन महामंडळाने पोलिओच्या तोंडी लसीच्या कोट्यवधी मात्रा पुरवल्या. लहानपणी तुमच्या जिभेवर पडलेले ते दोन थेंब कदाचित परळहून आले असतील.

पोलिओच्या वेळीही सारे सुरळीत झाले नाही. काही वस्त्यांत दारे बंद राहिली, अफवा उठल्या. तेव्हा डॉक्टरांच्या बरोबरीने मौलवी, शिक्षक आणि गल्लीतील वडीलधारी माणसे दारोदार गेली. कितीतरी ठिकाणी त्यांनी आधी आपल्याच नातवंडांना लोकांसमोर थेंब पाजले. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओच्या विषाणूचा एकही नवा रोगी आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

पोलिओच्या या मोहिमेची आठवण म्हणून आपल्या देशात १६ मार्च हा राष्ट्रीय लसीकरण दिन मानतात. परीक्षेची गडबड नसेल तर तो तुमच्याही शाळेच्या फळ्यावर येत असेल. त्या दिवसाचा मजकूर आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर लिहायचा असतो. आदला दिवस म्हणजे १५ मार्च, हाफकिन यांचा जन्मदिवस.